बेसनाचे अवतार

जामनेरच्या हॉटेलात मेनूकार्ड वाचलं की भूगोल पक्का होतो. व्हेज कोल्हापुरी, व्हेज जयपुरी, व्हेज हैदराबादी, काश्मिरी पुलाव असं सारं भारतभ्रमण घडतं. वाटेत जामनेर तेवढं लागत नाही. मग पनीर सुरू होतं आणि पान उलटलं तरी ते संपत नाही: बटर मसाला, टिक्का मसाला, कढाई, हंडी, तुफानी. या सगळ्यांचं मूळ बहुधा तीन पातेल्यांत असतं. एकात कांदा-टोमॅटोची लाल ग्रेव्ही, दुसऱ्यात पिवळी, तिसऱ्यात काजू-मगजाची पांढरी. आचारी तिन्हींचं प्रमाण बदलतो. खरी प्रतिभा बारसं करणाऱ्याची.

अशा कार्डासमोर पुण्याकडचा शाकाहारी जावई बसलाय. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाडीला आलाय. घरी खापरावरची पुरणपोळी आणि आमरस यांनी त्याला दोन दिवस जागचं हलू दिलं नव्हतं. आता त्याला हॉटेलात ‘काहीतरी वेगळं’ खायचंय. शालक त्याच्या हातातलं कार्ड अलगद काढून घेतो आणि वेटरला सांगतो, “दोन शेवभाजी, कळण्याच्या भाकरी. दाजींना तर्री कमी.”

जावई गप्प होतो. शेव पोह्यांवर भुरभुरायची असते, असं त्याचं शिक्षण झालेलं. तिची भाजी म्हणजे पाहुण्याची थट्टा तर नाही?

थट्टा नाही, उन्हाळ्यातली अक्कलहुशारी आहे. जळगाव जिल्ह्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा मेथी-पालक बाजारात पोचण्याआधीच मान टाकतात. डब्यातलं हरभऱ्याच्या डाळीचं पीठ मात्र कुठल्याही उन्हाला भीत नाही. मग त्याचीच जाड, तिखट शेव होते, थापून पाटोड्या होतात, हाटून पिठलं होतं. शेव आणि पाटोड्या पुन्हा रश्शात उतरतात. वाळवणाच्या डब्यातल्या कुरडईचीसुद्धा भाजी होते. जिथं पापड-कुरडई भाजीच्या रांगेत उभ्या राहतात, तिथं ‘आज घरात भाजी नाही’ ही सबब चालत नाही.

शेवेला ऐट येते ती रश्शानं. सुकं खोबरं आणि कांदा काळपट होईपर्यंत भाजायचा, लसूण-आलं, खसखस, लवंग, मिरी, दगडफूल वाटायचं आणि तेल सुटेपर्यंत परतायचं. हाच काळा मसाला शेजारच्या टेबलावर मटणाच्या वाटीतही असतो. म्हणजे इथल्या शाकाहाऱ्याला दुय्यम वागणूक नाही. घाम दोघांनाही सारखाच फुटतो. शेव मात्र आधीपासून उकळत ठेवायची नसते, नाहीतर तिचं पिठलं होतं. रस्सा गरम, शेव कोरडी आणि दोघांची गाठ ताटात बसण्याच्या बेतानं.

मांसाहाराचा रस्सा राखून आतला ऐवज बदलायची ही युक्ती मुंबईनंही केली. १९७० च्या दशकात नेल्सन वांग यांनी तिथं चिकन मंचुरियन काढलं. शाकाहाऱ्यांनी कोंबडीला रजा देऊन कोबी-गाजराचे गोळे सोडले आणि ते गोळे गडगडत थेट जामनेरच्या हातगाड्यांपर्यंत आले.

“भरीत सांग ना,” जावई दुसरी भाकरी मोडताना म्हणतो. शालकाचा चेहरा असा होतो, जणू कुणी वैशाखात हुरडा मागितलाय. भरीत थंडीत खायचं. चातुर्मासात वांगं वर्ज्य, चंपाषष्ठीला ते उजळ माथ्यानं परततं आणि मग शेताशेतांत भरीत पार्ट्या झडतात. वांगंही साधं चालत नाही. फिकट हिरवं, थोराड, कमी बियांचं, बामणोदकडचं हवं. कपाशीच्या वाळक्या काड्यांवर ते भाजायचं, लाकडी बडजीत हिरव्या मिरच्यांसह ठेचायचं, वर कांद्याची पात आणि शेंगदाणे. जळगावच्या या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. टोमॅटो घालून मिक्सरमधून काढलेल्या लगद्याला इथं भरीत म्हणण्याची कुणाची छाती नाही.

“मग वरण-बट्टी?” ती आधी सांगावी लागते. रवाळ कणकेचे गोळे आधी उकडायचे, कापायचे, तळायचे. मग तुरीच्या वरणात कुस्करून त्यांवर तूप ओतायचं, शेजारी वांग्याची घोटलेली भाजी. ती खाल्ल्यावर दुपारची कामं कुणी ठेवत नाही.

जावई आता चौकस झालाय. रावेर-यावलची केळी देशभर जातात, जळगावच्या केळीलाही २०१६ मध्येच मानांकन मिळालं. मग कार्डावर केळ्याचा एकही पदार्थ कसा नाही? शालक विचारात पडतो. वेफर्स आहेत, पण ते रस्त्यावर, कढईपाशी. हॉटेलात कुणी केळं मागत नाही. घरी घडच्या घड असताना त्यासाठी पैसे कोण मोजणार?

संध्याकाळी जावयाला सौम्य काहीतरी हवं असतं, म्हणून तो जैन पावभाजी मागवतो. जैन म्हणजे कांदा-लसूण नाही आणि जमिनीखाली वाढणारा बटाटाही नाही. भाजी तरीही छान दाट लागते. तो वेटरला कारण विचारतो.

“बटाट्याच्या जागी कच्चं केळं असतं ना, भाऊ,” वेटर म्हणतो आणि न मागता आणखी दोन पाव ठेवून जातो. बिलात ते धरलेले असतात.