बदकांच्या सर्कोव्हायरसास खुले पत्र

बदकांच्या सर्कोव्हायरसा,

नमस्कार लिहीत नाही. तू त्या लायकीचा नाहीस.

तुझी सगळी मालमत्ता म्हणजे जेमतेम दोन हजार न्यूक्लिओटाइडांचा एकपदरी, गोल डीएनए. हंसांना पछाडणाऱ्या तुझ्या भावाकडे तर १,८२१च. प्राण्यांना छळणाऱ्या विषाणूंमध्ये तुमच्याइतके चिमुकले फार थोडे. आणि एवढ्या भांडवलावर उभ्या कळपाचं वाटोळं करतोस!

तुझा भाऊ आधी उघडकीला आला. १९९९मध्ये जर्मनीतल्या खुरटलेल्या हंसांत संशोधक सोइके आणि सहकाऱ्यांनी त्याची नोंद केली. २००३मध्ये त्याच देशातल्या मुलार्ड बदकांत तू सापडलास. पिसं नीट फुटलेली नाहीत, अंगावर मांस धरत नाही, अशी ती बदकं होती. पुढे हंगेरी, पोलंड, तैवान, चीन, सगळीकडे तुम्हा भावांचे ठसे मिळाले.

पण माझा खरा राग तुझ्या पद्धतीवर आहे. पक्ष्याच्या शेपटीकडे, विष्ठामार्गाला लागून, फॅब्रिशियसची पिशवी असते. लहान वयात प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी तिथेच तयार होतात. १९५६मध्ये संशोधक ब्रूस ग्लिक आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की पिलांची ही पिशवी काढून टाकली तर पुढे त्यांना प्रतिपिंडं नीट बनवता येत नाहीत. तू नेमका तिथेच घुसतोस. तिथल्या या लसिका पेशी झडतात, पिशवी पोकळ होते, आणि मग रायमेरेला, ई. कोलाय यांसारखे जिवाणू आणि बुरशी यांना रान मोकळं. पहारेकऱ्याला मारून चोरांना दार उघडून देणारा तू फितूर आहेस.

पिल्लू मरतं तेव्हा नाव त्या जिवाणूचं लागतं. पाळणारा औषधावर पैसे ओततो, तरी पिलं रोडच राहतात. वर लोक त्यालाच ऐकवतात, खाद्य कमी पडलं असेल, निगा राखली नसेल. त्याच्या माथी बसलेला हा दोष तुझा आहे, म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितोय. पीसीआर तपासणीत तू आता ओळखू येतोस. शंका आली की ती करायलाच हवी. लहानमोठी बदकं एकत्र कोंडू नयेत; एक तुकडी पूर्ण निघाली की घर धुऊन, निर्जंतुक करून, काही दिवस रिकामं ठेवावं. साध्या जंतुनाशकाला तू सहजी बधत नाहीस, हे ठाऊक असूनही सांगतो.

प्रयोगशाळेतल्या पेशींत तू नीट वाढत नाहीस, त्यामुळे लस करणं अवघड, हे मान्य. पण डुकरांमधल्या तुझ्या भाऊबंदाच्या कवचाचं प्रथिन कीटकांच्या पेशींत बनवून त्याच्यावर लस निघाली, २००६च्या सुमारास बाजारातही आली. डुकरांच्या धंद्यात पैसा मोठा, म्हणून तिकडे घाई झाली, असं मला वाटतं. बदकं पाळणाऱ्यांचा जीवही तितकाच टांगणीला लागलेला असतो. तेच काम तुझ्या कवचावर व्हावं, आणि ते मी जिवंत असेपर्यंत व्हावं.

तुझा तिरस्कार करणारा,
एक बदकप्रेमी