होडीच्या पोटावरचे फोड

आमच्या मंडळाची फायबरची होडी उन्हाळ्यात पालथी घातली, तर पोटभर फोड. तासाभरात अर्धा कसबा बावडा बघायला जमला. "कांजिण्या हैत," एका आण्णांनी निदान केलं. कुणी एम-सील सुचवलं, कुणी डांबर. ज्यानं जन्मात नदीत पाय घातला नाही, त्याची ठाम सूचना, "वरनं रंग मारा, कोण बघतंय?"

रोगाचं नाव परासरण. 1748 साली नोले नावाच्या फ्रेंच पाद्र्यानं मद्यार्काच्या भांड्याच्या तोंडाला डुकराचं मूत्राशय बांधून ते पाण्यात बुडवलं. पाणी आत शिरलं, मूत्राशय टम्म फुगलं. आमच्या मंडळात हा प्रयोग बुडवण्याच्या आधीच संपला असता.

होडीचा वरचा चकचकीत थर, म्हणजे जेलकोट, पाणी पुरतं अडवत नाही. होडी महिनोन्महिने पाण्यात राहिली की पाणी झिरपतं, आतल्या कच्च्या रेझिनचे अवशेष विरघळतात, तो घट्ट द्राव आणखी पाणी ओढतो आणि दाबानं फोड उठतात. समुद्रापेक्षा गोड्या पाण्यात हे जास्त, म्हणजे पंचगंगेनं जरा जास्तच माया केली. पुरासाठी घेतलेली होडी पूर ओसरल्यावर वर काढायची असते. पण राजाराम बंधाऱ्याला पाणी अडवायचे बरगे घातले, पाणी तुंबलं, की तिच्यात बसून गप्पा हाणायची सोय कोण सोडतो?

उपचार सोपा. ग्राइंडरनं फोड उघडायचे, गोड्या पाण्यानं पुन्हा पुन्हा धुवायचे, वाळवायचे, मग इपॉक्सीची लांबी भरून वर इपॉक्सीचेच हात द्यायचे. गोम आहे ती वाळवण्यात. त्याला आठवडे लागतात, कधी महिने. प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून ठेवायचा. आतून दव धरलं की अजून थांबायचं. पण थांबणं बावड्याच्या रक्तात नाही. पोरांनी हॅलोजन लावला, हेअर ड्रायर आणला, एकानं "हार्डनर डबल टाकूया" म्हटलं. इपॉक्सीत प्रमाण ठरलेलं असतं. डबल हार्डनरनं ते लवकर घट्ट होत नाही, कच्चंच राहतं. आणि मे महिन्यात मगभर कालवून चहाला गेलं, की परत येईपर्यंत मगातून धूर निघतो. एक मग असाच गेला. तो कुणाच्या घरचा, यावर मंडळात अजून दोन तट आहेत.

सगळ्यात उतावळा मात्र आकाशात असतो, तो म्हणजे पाऊस. बंधाऱ्यावर नदीची पातळी 39 फुटांवर गेली की इशारा, 43 ला धोका. 2019 आणि 2021 ला पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं. जूनच्या तोंडावर होडी वाळत घालून "अजून दव धरतंय" म्हणायची हिंमत कोणात आहे? थोड्या फोडांनी होडी बुडत नाही, हेही खरं. तेव्हा माझं मत असं: वाळेल तेवढी वाळवा, उरलेले फोड पुढच्या उन्हाळ्याला ठेवा. आणि फोड टोचताना गॉगल घाला, बाबांनो. आतलं पाणी दाबाखाली असतं, आंबूस वासाचं असतं, आणि नेमकं डोळ्यात उडतं.