बेभरवशाचा पाहुणा आणि विवेकी श्रोता

पोकरविषयक पॉडकास्टच्या श्रोतृवर्गाचे एक वैशिष्ट्य असे की, अनिश्चितता हाच आपल्या खेळाचा पाया मानणारा हा वर्ग पाहुणा मात्र हमखास निकालाचा मागतो. 'व्हेरियन्स', म्हणजे निर्णय अचूक असूनही अल्पकाळात यशापयश वरखाली होत राहणे, ही संकल्पना त्याला तोंडपाठ असते आणि एका डावावरून खेळाडूची पारख करू नये, असे तो नवख्यांना बजावतही असतो. परंतु एखादा पाहुणा निवेदकाचा प्रश्न बाजूला सारून जुनी उधारी, फिसकटलेली भागीदारी आणि प्रतिस्पर्ध्यांची अक्कल यांवर तासभर घसरला, की त्या एकाच भागावरून त्याचा कायमचा निकाल लावला जातो. चिडीपोटी विवेक गमावण्याला या खेळात 'टिल्ट' म्हणतात. निषेध नोंदवताना श्रोत्यांचाही तोल सुटतो, मात्र हे निदान केवळ पाहुण्याला लागू असते. १९८९ साली वयाच्या २४व्या वर्षी 'वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर'ची मुख्य स्पर्धा जिंकणारा फिल हेल्मथ हा विजेतेपदांइतकाच टेबलावरच्या त्राग्यासाठीही प्रसिद्ध झाला, यावरून या बाजारात काय खपते ते उघड आहे. सॉल्व्हर, म्हणजे समतोल डावपेच गणिताने काढून देणारी संगणकप्रणाली, शांतपणे उलगडून सांगणाऱ्या पाहुण्याचे सर्वजण कौतुक करतात आणि त्याचा भाग सवडीसाठी राखून ठेवतात. आचरट पाहुण्याचा भाग मात्र अखेरपर्यंत ऐकून, तो ऐकण्याच्या लायकीचा नव्हता, असा सविस्तर अभिप्राय देतात.