मृगाचं गाढव आणि गार सोफी

नाना आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. त्यांच्या वर गच्ची आणि गच्चीच्या वर आभाळ. गच्चीशी त्यांचं उत्तम जमतं. आभाळाशी मात्र निवृत्त झाल्या दिवसापासून भांडण आहे.

"बघितलंत?" ते जिन्यात अडवून विचारतात. मी बघितलेलं नसतं. "काल ढग आले, थांबले, माझ्या कुंड्यांकडे बघितलं आणि वारज्याला जाऊन पडले." वारज्याच्या लोकांनी ढगांना काहीतरी चारलं असावं, असा एकूण सूर.

कोथरूडच्या त्या गच्चीवर 64 कुंड्या आहेत. टोमॅटो, वांगी, मिरच्या, गवती चहा, अळूचा टब, ब्रह्मकमळ आणि एक लिंबाचं झाड. त्या झाडाला पानं येतात, काटे येतात, मावा येतो. लिंबू येत नाही. पण यावरून नानांना झाडांचा नाद आहे असं समजू नका. बागकाम करणारा माणूस झाडांविषयी बोलत असेल हा माझाही गैरसमज होता. तो हवेविषयी बोलतो. झाड हे हवेशी वैर धरायला लागणारं निमित्त.

पाऊस मोजायला नानांनी साखरेचा जुना स्टीलचा डबा गच्चीच्या मधोमध ठेवलाय. उभ्या भिंतीचं कुठलंही भांडं उघड्यावर ठेवा, त्यात जितकं उंच पाणी साठेल तितका पाऊस. भांडं रुंद असो की अरुंद, फरक पडत नाही. शास्त्र पक्कं आहे. साखर मात्र तेव्हापासून बरणीत गेली आणि काकू ते अजून विसरलेल्या नाहीत. रोज सकाळी बरोब्बर साडेआठला नाना नातवाची फूटपट्टी डब्यात बुडवतात, कारण हवामान खातंही पाऊस साडेआठलाच मोजतं. या खात्याविषयी त्यांना शेजारधर्माचा अभिमान आहे. मुख्यालय शिमल्याहून 1928 साली पुण्याला आलं, शिवाजीनगरच्या त्या इमारतीला जुने पुणेकर अजून शिमला ऑफिस म्हणतात, हे ते रिक्षावाल्यालाही सांगतात. 1944 साली मुख्यालय दिल्लीला गेलं. या विषयावर नाना बोलत नाहीत.

त्यांचं दुसरं उपकरण माझ्या घरात आहे. गच्चीवर घातलेलं पाणी माझ्या बेडरूमच्या भिंतीत उतरतं. मी तक्रार करायला म्हणून त्यांना खाली बोलावलं. त्यांनी ओल बघितली, बोटं लावून मोजली आणि समाधानानं म्हणाले, "गेल्या वर्षापेक्षा चार बोटं पुढे आहे. पाऊस चांगला झाला हं यंदा." आणि वहीत लिहून घेतलं.

रविवारी दुपारी साडेचारला त्यांचा व्हिडिओ कॉल असतो. मोबाइल धरायला मी लागतो, कारण एकदा नाना वीस मिनिटं लिंबावरचा मावा दाखवत होते आणि तिन्ही खंडांतल्या मंडळींना त्यांचा कान दिसत होता. मेलबर्नहून त्यांची थोरली बहीण अक्का येते, तिथे तेव्हा रात्र असते. जर्मनीत स्टुटगार्टहून मुलगी. न्यू जर्सीहून अक्काचा धाकटा मुलगा, डोळे चोळत. पहिला प्रश्न ठरलेला.

"कढीपत्ता कसा आहे?"

नातवंडं, गुडघे, नोकऱ्या हे नंतर. नानांच्या गच्चीवरचा कढीपत्ता म्हणजे नुसता माजलाय, सोसायटीतल्या सगळ्या फोडण्या त्यावर चालतात. न्यू जर्सीत त्याच झाडाची मिजास वेगळी. ऑक्टोबरात पहिलं दव गोठायच्या आत कुंडी घरात घ्यायची, खिडकीपाशी ठेवायची, वर खास दिवा लावायचा. भाच्याकडे पाहुण्यांची खोली आहे, तिच्यात नोव्हेंबर ते एप्रिल कढीपत्ता असतो. सासूबाईंनी डिसेंबरात यायचं म्हटलं तर त्यांना हॉलमध्ये झोपावं लागलं.

कढीपत्ता झाला की खरी बैठक सुरू होते. आपल्याकडची हवा जास्त नालायक कशी, हे प्रत्येकानं सिद्ध करायचं. जितकी हवा वाईट तितकी इभ्रत मोठी. मुलीनं एकदा गारांनी पालकाची चाळण झाल्याचं रडवेल्या आवाजात सांगितलं. नेमकं तेव्हाच तिच्या मागच्या टेबलावर झुकिनीचा हा ढीग दिसत होता. तिनं हळूच फोन तिरका केला. नानांच्या नजरेतून ते सुटलं नाही, पण ते गप्प राहिले, कारण त्यांच्या स्वतःच्या मागे टोमॅटोची टोपली होती आणि ती मी पायानं सरकवत होतो.

मुलीनं शहराबाहेर बागेचा एक तुकडा भाड्यानं घेतलाय. तिकडे अशा तुकड्यांच्या वसाहती असतात. निदान एक तृतीयांश जागेत फळं-भाज्या लावल्याच पाहिजेत असा दंडक आहे. हे ऐकून नाना आठवडाभर भारावले होते. वांगी लावली नाहीत म्हणून सरकार विचारतं, अशा देशाविषयी त्यांना नितांत आदर वाटला. दुपारी एक ते तीन वसाहतीत आवाज करायचा नाही हा दुसरा नियम कळल्यावर तो थोडा कमी झाला. आपले साडेचार म्हणजे उन्हाळ्यात तिथले एक. "बाबा, हळू बोला ना," ती कुजबुजते. "मी हळूच बोलतोय!" नाना ओरडतात. पलीकडच्या कुंपणावरून एक टोपी वर येते आणि खाली जाते.

तिनंच आम्हाला हिमसंतांची ओळख करून दिली. 11 ते 15 मे हे पाच दिवस तिथे पाच संतांचे. त्या दिवसांत थंडी शेवटचा फटका मारते, म्हणून ते सरेपर्यंत शहाणा माणूस टोमॅटोचं रोप उघड्यावर लावत नाही. शेवटच्या संत बाई. त्यांना म्हणतात गार सोफी. नानांना सोफी फार आवडली. "म्हणजे आपलं मृग नक्षत्रच की!" ते म्हणाले आणि त्यांनी पंचांग काढलं. पुढची पंचवीस मिनिटं तिन्ही देश आमच्या नक्षत्रांची वाहनं ऐकत होते. बेडूक, म्हैस किंवा हत्ती आला तर पाऊस जोरात. मोर, उंदीर, गाढव बेताचे. कोल्हा आणि मेंढा आले तर हात राखून. घोडा आला तर डोंगरावर. पुनर्वसूचा पाऊस तरणा, पुष्याचा म्हातारा. गार सोफीची नोंद त्यांनी पंचांगाच्या समासात पेन्सिलीनं केली, रोहिणीच्या दहा दिवस अलीकडे.

"मामा, आमच्याकडे पण प्राणीच सांगतो," भाचा जांभई देत म्हणाला. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात 1887 पासून दर 2 फेब्रुवारीला एका ग्राउंडहॉगला बिळाबाहेर काढतात. त्याला स्वतःची सावली दिसली की हिवाळा अजून सहा आठवडे.

"एकच प्राणी?" नानांनी विचारलं.

"एकच."

"आमच्याकडे नऊ आहेत."

भाच्याला यावर काही सुचलं नाही. त्याच्या घेवड्याचे वेल त्याच जातीच्या एका प्राण्यानं बुडख्यापर्यंत खाल्ले होते, पण तो मुद्दा वेगळा. त्याचा भरवसा सरकारी नकाशावर. हिवाळ्यात पारा सरासरी किती खाली जातो त्यावरून अमेरिकेचे झोन पाडलेत आणि 2023च्या नव्या नकाशात जवळजवळ निम्मा देश अर्धा झोन गरम झाला. हे त्यानं बढती मिळाल्यासारखं सांगितलं. "आणि उन्हाळा?" नाना म्हणाले. उन्हाळा त्यात धरत नाहीत. "म्हणजे एकाच विषयाची परीक्षा." नानांनी अमेरिकेला नापास केलं.

पावसाच्या आकड्यांत मात्र त्यांना एकदा हार खावी लागली. जर्मनीत सारखा पाऊस, सारखा पाऊस, असं मुलगी म्हणत होती. नानांनी आकडा मागितला. वर्षाचा हिशेब पुण्याच्या जवळपास निघाला. दोन मिनिटं शांतता. मग ते म्हणाले, "तुमचा हप्त्याहप्त्यानं पडतो. आमचा चार महिन्यांत एकरकमी. एकरकमी सोसायला छाती लागते."

पण नानांना खरी धास्ती अक्काची. एक तर ती मोठी, दुसरं म्हणजे मेलबर्न. तिथे दुपारी चाळिशीतलं ऊन असतं आणि वारा फिरला की तासाभरात माणूस स्वेटर शोधतो. "अरे बाळ, चार ऋतू काय घेऊन बसलास? ते आमच्याकडे मंगळवारीच होतात," अक्का म्हणते. तिकडे नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी घोड्यांची मोठी शर्यत असते आणि टोमॅटो लावायचा मुहूर्त तोच. नाना म्हणाले, "घोडा म्हणजे डोंगरावर पाऊस. टोमॅटोचा काय संबंध?"

अक्काशी त्यांनी जपून बोलावं, याला कारण आहे. ती तिकडे नवीन असताना तिनं टोमॅटोची कुंडी कुठे ठेवू असं विचारलं होतं. नानांनी अधिकारवाणीनं सांगितलं, "घराच्या दक्षिणेला. हिवाळ्यात ऊन तिकडूनच येतं." पुण्यात येतं. मेलबर्नात सूर्य उत्तरेकडून जातो. अक्कानं धाकट्या भावावर विश्वास ठेवून अख्खा हंगाम कुंडी घराच्या सावलीत ठेवली. रोपं सहा फूट वाढली, बांबूसारखी, आणि एकूण टोमॅटो आले तीन. ही गोष्ट ती दर रविवारी काढते. नाना दर रविवारी म्हणतात, "आवाज तुटतोय गं अक्का." तुटत नसतो, फोन माझ्याच हातात असतो.

गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या रविवारी मी नेहमीप्रमाणे वर गेलो. काकूंनी आधण ठेवलं होतं. कॉल लागला. कढीपत्ता सगळीकडे ठीक होता. पुण्यात गुलाबी थंडी पडायला लागली होती. मेलबर्नला ऊन कोवळं, वारा पडलेला. स्टुटगार्टला पानगळ चालू, पण आभाळ निळं. न्यू जर्सीला अजून दव गोठलं नव्हतं. गारा नाहीत, मावा नाही, हरणं फिरकली नाहीत. नानांनी एकदा आशेनं विचारलं, "वारा-बिरा?" कोणाकडे नव्हता.

"मग ठेवू?" अक्का म्हणाली.

कॉल चार मिनिटांत संपला. चहाला अजून उकळी आली नव्हती.