कर्बोदकांची परिषद भाट्यात भरवा

जगभरचे कर्बोदकतज्ज्ञ दर दोन वर्षांनी कुठेतरी जमतात. हा परिपाठ १९६० साली फ्रान्समध्ये पडला आणि जानेवारी २०१४ मध्ये या मेळ्याची सत्ताविसावी बैठक बंगळुरूला झाली. साखर, स्टार्च, सेल्युलोज आणि त्यांची सगळी भावकी यांच्यावर दिवसचे दिवस निबंध वाचले जातात. ज्या पदार्थांचे नुसते नाव काढले की आपला डॉक्टर कपाळाला आठ्या घालतो, त्यांचा एवढा मानमरातब कुठेतरी होतो, हे कळले तर मधुमेही माणसाचे डोळे भरून येतील.

प्रस्तुत लेखकाची सूचना एवढीच, की यापुढची परिषद भाट्यात भरवावी.

जागा सापडायला कठीण नाही. रत्नागिरीतून पावसच्या रस्त्याला लागायचे, काजळी नदीच्या खाडीवरचा पूल ओलांडायचा, की उजव्या हाताला सुरूचे बन आणि त्यामागे समुद्र. यजमान विद्यापीठही आयतेच आहे: दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ. त्याचे प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र भाट्यात १९५५ पासून आहे आणि विद्यापीठाची स्थापना १९७२ची. लेक बापापेक्षा सतरा वर्षांनी थोरली. सरकारी दप्तरात हे चालते. या प्रस्तावाची विद्यापीठाला अजून कल्पना नाही. पण पत्रिका छापून झाल्यावर यजमानाला कळणे, ही रीत आपल्याकडे जुनीच.

उद्घाटन नारळ फोडून होईल हे सांगायला नको. इतर ठिकाणी नारळ फुटतो आणि मग परिषद सुरू होते. इथे नारळ फुटला की पहिला निबंधच सुरू होईल. शहाळ्याच्या पाण्यात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या साध्या शर्करांचा भरणा असतो. फळ जून होत जाते तसा ऊस-साखरेचा, म्हणजे सुक्रोजचा वाटा वाढतो. आतली मलईसुद्धा कर्बोदकांनीच बांधलेली. कोवळेपणी त्यात गॅलॅक्टोमॅनन असते, म्हणून ती चमच्याला थरथरते; पुढे मॅनन वाढत जाते आणि त्याच मलईचे दाताला दाद न देणारे खोबरे होते. प्रयोगशाळेत हे ठरवायला यंत्र लागते. पाडेली नुसती टिचकी मारतो, कान देतो आणि कोयता उचलण्याआधीच सांगतो, "ह्यात पाणीच हाय, मलई हवी तर तो घ्या." खपली उडवून बघावे तर अगदी तसेच निघते. या माणसाला बीजभाषणाला उभे करावे. तो उभा राहणार नाही, त्याला आणखी चार माड उतरायचे असतात, पण विचारायला काय हरकत आहे?

दुपारचे सत्र सोडणाचे. ओली सोडणे खाडीच्या मचूळ पाण्यात महिनोन्‌महिने बुडवून ठेवली, की जंतू तंतूंना धरून ठेवणारे पेक्टिन खाऊन टाकतात आणि काथ्या मोकळा होतो. पेक्टिन हेही कर्बोदकच. जंतूंनी त्याच्यावर ताव मारायचा आणि आपण उरलेल्याचे सुंभ वळायचे, असा हा सलोख्याचा धंदा आहे. उरते ते सेल्युलोज आणि भरपूर लिग्निन. लिग्निन कर्बोदकांच्या जातीचे नाही, पण काथ्याचा चिवटपणा त्याच्यामुळे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण करणाऱ्याने लिग्निनचे नावही ऐकले नव्हते, तरी निष्कर्ष बरोबर काढला.

संध्याकाळच्या सत्राविषयी संयोजकांनी मौन पाळावे. माडाच्या पोयीतून ठिबकणाऱ्या ताज्या रसात शंभर भागांत साधारण पंधरा भाग साखर असते, आणि हवेतली यीस्ट काही तासांतच तिची माडी करते. मडक्याला आतून चुना लावला तर यीस्टचे काही चालत नाही आणि नीरा गोड राहते. यीस्टला चुना लावण्याची ही विद्या फार जुनी आहे. पाहुण्यांचा कल मात्र बिनचुन्याच्या मडक्याकडे राहील असा अंदाज आहे.

दुसरा दिवस अख्खा तांदळाला द्यावा लागेल. रत्नागिरीजवळच्या शिरगावला भाताचे संशोधन चालते. 'रत्नागिरी २४' ही जात तिथलीच. स्टार्चमध्ये अमायलोज आणि अमायलोपेक्टिन असे दोन भाऊ नांदतात. अमायलोज जास्त असले की भात फडफडीत, कमी असले की चिकट. घरातल्या निम्म्या भांडणांचे मूळ या प्रमाणात आहे. प्रात्यक्षिक सोपे आहे. सकाळच्या पेजेची वाटी घ्यावी, तिच्यात आयोडीनचा एक थेंब टाकावा. पेज गर्द निळी होते, कारण अमायलोजच्या वेटोळ्यात आयोडीन शिरून बसते. तीच पेज गरम केली की निळा रंग नाहीसा होतो आणि निवली की परत येतो. चार वेळा करून दाखवले तरी पोरे "पुन्हा, पुन्हा" म्हणतात आणि पेज फुकट गेली म्हणून आजी ओरडते.

भाट्यातच झरी विनायकाचे देऊळ आहे, तेव्हा मोदकाला टाळता येणार नाही. उकड काढणे म्हणजे स्टार्चचे कण गरम पाण्यात फुगवून त्यांची चिकट लापशी करणे. तांदळाच्या जातीप्रमाणे साठ ते ऐंशी अंशांच्या दरम्यान हे घडते. ती निवू लागली की अमायलोजच्या साखळ्या पुन्हा एकमेकींना बिलगतात, पाणी सोडतात आणि पारी फाटते. शास्त्रज्ञ यावर आलेख काढतात. सासूबाई सुनेला म्हणतात, "अगो, हात भाजला तरी चालेल, पण गरम आहे तोवर मळून घे. मागाहून कळ्यांना तडे गेले तर मला नको दाखवू." दोघांचे म्हणणे एकच आहे, सासूबाईंचे लवकर समजते.

याच साखळ्यांच्या बिलगण्यातून मधुमेह्यांसाठी एक बातमी निघाली आहे. शिजवून थंड केलेल्या भातातला थोडा स्टार्च लहान आतड्यात पचत नाही, त्यामुळे साखर किंचित कमी चढते. किंचित, थोडा, हे शब्द भाट्यातले सेवानिवृत्त गुरुजी वाचत नाहीत. ते शिळ्या भाताची दोन ताटे संशोधन म्हणून जेवतात. तपासणीच्या आधी तीन दिवस मात्र भात कडक बंद! पण 'एचबीए वन सी' नावाची चाचणी अशा व्रतस्थांना ओळखून आहे. रक्तातली साखर हिमोग्लोबिनला चिकटून बसते आणि तांबड्या पेशीचे आयुष्य असते सुमारे चार महिन्यांचे. त्यामुळे मागच्या दोन-तीन महिन्यांचे सारे मोदक अहवालात हजेरी लावतात.

हापूसला वेगळे सत्र नको, तो बोलावल्यावाचून येतोच. झाडावरून चौदा आणे तयार आंबा उतरवतात तेव्हा त्यात स्टार्च भरलेला असतो. गवताच्या अढीत आठ-दहा दिवसांत विकरे त्याची साखर करतात. बिघडते कुठे, तर साक्यात. वरून केशरी, देखणे फळ. कापले की कोयीजवळ पांढरट, आंबूस, स्पंजासारखा भाग. तिथला स्टार्च साखर व्हायचा राहून गेलेला असतो. पेटीचे पैसे आधीच दिलेले असतात. कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ मध्ये 'रत्ना' ही जात काढली, तिच्यात साका होत नाही. तरी गिऱ्हाईक हापूसच मागते आणि सुरी चालवताना देवाचे नाव घेते.

जे म्हणतील की आम्ही गोड, भात, आंबा सगळे सोडले आणि आता फक्त मासळी खातो, त्यांच्यासाठी तिसरा दिवस आहे. कुर्लीचे कवच आणि कोलंबीची साल ज्या कायटिनची असते ते ग्लुकोजच्याच एका भाऊबंदाची लांब साखळी, म्हणजे कर्बोदक. आंरी ब्राकोनो या फ्रेंच माणसाला ते १८११ साली प्रथम सापडले, तेही अळंब्यांत. श्रावण पाळून अळंबी खाणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचू नये.

रत्नागिरीच्या खडकांवर ओहोटीला उघडे पडणारे शेवाळही याच गोतातले. लाल समुद्रशेवाळापासून होणारा चायना ग्रास फालुद्यापुरता नाही. १८८१च्या सुमारास रॉबर्ट कॉखच्या सहकाऱ्याच्या, वॉल्टर हेसच्या जंतूंच्या बशा उन्हाळ्यात वितळून जात, कारण त्या जिलेटिनच्या होत्या. त्याची बायको फॅनी हिने घरच्या जेलीत हा पदार्थ वापरला होता. तिने तो सुचवला आणि तेव्हापासून जगातल्या प्रयोगशाळा त्याच्यावर जंतू वाढवतात. कॉखने पुढे लिहिताना फॅनीबाईंचे नाव घातले नाही. स्वयंपाकघरातल्या संशोधनाचे श्रेय जाते कुठे, यावर एखादे सत्र ठेवले तर मंडप पुरणार नाही.

तपकिरी शेवाळात फ्युकोज नावाची साखर विपुल असते. हीच साखर आपल्या तांबड्या पेशींवरही असते, आणि इथे मराठी माणसाने थोडे ताठ बसावे. ए, बी, ओ हे रक्तगट म्हणजे पेशीवर टोकाला कोणती साखर बसली आहे एवढाच फरक. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे रक्त सापडले, की ज्याच्यात या साखरांचा पाया असलेला 'एच' घटकच नव्हता. त्या जागची फ्युकोज गैरहजर. 'लॅन्सेट'मध्ये निबंध आला आणि जगाने त्याला बॉम्बे रक्तगट म्हटले. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा तो असतो. वरवरच्या चाचणीत तो 'ओ' दिसतो, पण ओ गटाचे रक्तसुद्धा त्याला चालत नाही, आपल्याच गटाचे लागते. एवढ्याशा साखरेवाचून माणसाचे केवढे अडते, हे भात बंद करायला सांगणाऱ्या डॉक्टरांनाही मान्य करावे लागेल.

राहिला समारोप. शेवटच्या दुपारी जेवणात कुळथाची पिठी असणार, त्याला इलाज नाही. कुळथात रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्करा असतात. त्या पचवणारे विकर माणसाजवळ नाही, म्हणून त्या जशाच्या तशा मोठ्या आतड्यात पोचतात आणि तिथले जंतू त्यांच्यापासून वायू तयार करतात. याला काही तास लागतात, म्हणजे नेमकी आभारप्रदर्शनाची वेळ. तेव्हा ते सभागृहात न ठेवता सुरूच्या बनात ठेवावे, खुर्च्या लांब लांब मांडाव्यात आणि अध्यक्षांना वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसवावे.