गाडी कुठपर्यंत जाते?

किल्ला कोणी बांधला, लेणी कोणत्या काळातली, हे प्रश्न मराठी पर्यटकाला फार नंतर पडतात. पहिला प्रश्न असतो, गाडी कुठपर्यंत जाते? आमच्या साडूभाऊंनी याच एका कसोटीवर महाराष्ट्राच्या इतिहासाची प्रतवारी लावली आहे. रोपवेमुळे रायगडाबद्दल त्यांना अतोनात आदर. राजगडाचा विषय निघाला की ते हवामानाबद्दल बोलू लागतात.

तर ऐन पावसाळ्यातली ही जुन्नरची सहल त्यांनीच आखली. नारायणगावात मिसळ झाली, चहा झाला आणि 'आता दुपारपर्यंत काही नको' असं ठरवून भजीही झाली. पुढे शिवनेरी आला. 1630 साली शिवराय जन्मले तो हा गड जुन्नरच्या डोक्यावरच उभा आहे. गाडी पायथ्यापर्यंत जाते, पुढे पायऱ्या आणि एकामागून एक सात दरवाजे. साडूभाऊंनी काच खाली करून हात जोडले. "भाव महत्त्वाचा," म्हणाले आणि काच वर केली.

लेण्याद्रीला गिरिजात्मजाच्या दर्शनाला तीनशेच्या वर पायऱ्या. तिथे डोलीची सोय आहे हे त्यांनी आधीच काढून ठेवलं होतं. डोलीवाल्यांनी त्यांना एकदा आपादमस्तक न्याहाळलं, एकमेकांकडे पाहिलं आणि चहाला निघून गेले. मग आम्ही वर, ते खाली चपला सांभाळायला. हापूसबागेतला सौदागर घुमट मात्र त्यांना बेहद्द आवडला. दगडावरची नक्षी खरोखरच देखणी आहे, पण त्यांचं प्रेम निराळ्या कारणाचं होतं. घुमट रस्त्यावरून दिसतो.

खरी गंमत नाणेघाटात. घाटघरच्या पुढे पठारावर धुकं इतकं, की वायपर आत फिरतोय की बाहेर ते कळेना. गाडी घाटमाथ्यापर्यंत जाते, हे ऐकून साडूभाऊ प्रसन्न होते. पण लेणं खिंडीतून थोडं खाली उतरून आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. "तुम्ही या जाऊन, मी गाडीतच बसतो," असं म्हणत त्यांनी सीट मागे पाडली. तेवढ्यात मेहुणी म्हणाली, "अहो, येताना ती बिबट्याची पाटी वाचलीत ना?" साडूभाऊ आमच्या आधी खिंडीत होते.

खिंडीच्या तोंडाशीच तो प्रसिद्ध दगडी रांजण. कल्याण-सोपाऱ्याकडून माल घेऊन वर आलेले व्यापारी यात जकात टाकत, असं सांगतात. "म्हणजे टोलनाका?" साडूभाऊ दुखावल्या स्वरात म्हणाले. रांजणात पावसाचं पाणी होतं आणि वेफर्सचं एक पाकीट तरंगत होतं. दोन हजार वर्षांत वसुली घसरली ती अशी.

लेण्याच्या भिंतींवर ब्राह्मीतला भलामोठा लेख आहे. सातवाहन राणी नागनिकेच्या घराण्याने कोणकोणते यज्ञ केले आणि दक्षिणेत किती गायी, हत्ती, घोडे, कार्षापण दिले, याचा आकड्यांसकट हिशेब. देणगीची रक्कम भिंतीवर कोरून ठेवायची आपली हौस किती जुनी आहे, ते इथे समजतं. मागच्या भिंतीवर सिमुक, नागनिका, सातकर्णी अशी सगळ्यांची शिल्पं होती. आता वर नावं आहेत, खाली पावलांच्या खुणा आणि मधली माणसं गायब. "बघा भाऊजी," आमची ही म्हणाली, "शेवटी पायच टिकतात. तुमचेही जरा वापरत जा."

बाहेरची निळी पाटी मी नेमाने वाचतो. स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, असा तो कायदा. गुन्ह्याची इतकी सविस्तर माहिती आणि नागनिकेबद्दल एक ओळ नाही! आपल्याकडे स्मारकाची ओळख कलमांपासून सुरू होते.

पाटीशी उभे असतानाच खालून धापा ऐकू आल्या. कोकणातल्या वैशाखरेकडून जुनी फरसबंदी वाट चढत कॉलेजची पोरं येत होती. गुडघ्यापर्यंत चिखल, छत्र्या उलट्या, कारण वारा धबधब्यालाच वर फेकत होता. साडूभाऊ कमरेवर हात ठेवून पुढे झाले. "शाब्बास! आता थोडंच राहिलं. श्वास नाकाने घ्या, घाई करू नका."

एका पोराने अदबीने विचारलं, "काका, तुम्ही कुठल्या वाटेने आलात?"

"जुन्नरकडून," साडूभाऊ गंभीरपणे म्हणाले. "ती वाट जरा निसरडी आहे."