दंडावरचं मीटर

चौतीस वर्षं मी लोकांच्या घरातली मीटरं वाचली. वीज मंडळात मीटर रीडर होतो. साताऱ्यातल्या जुन्या वाड्यांत मीटर कुठं कुठं बसवलेलं असायचं हे मी आजही झोपेत सांगेन. जिन्याखाली, देवघराच्या मागं, एका ठिकाणी तर लोणच्याच्या बरण्यांच्या वर. मी दारात दिसलो की माणसं तोंडानं "या की" म्हणत आणि डोळ्यांनी "आजच यायचं होतं?" असं विचारत. त्या डोळ्यांचा अर्थ मला वयाच्या बहात्तराव्या वर्षी उमगला. मीटर माझ्याच दंडावर बसलं तेव्हा.

शुगर तशी जुनी. निरोपसमारंभाचे कंदी पेढे पचायच्या आत ती निघाली, त्याला चौदा वर्षं झाली. पण पूर्वी आमचं बरं चाललं होतं. तीन महिन्यांतून एकदा तपासणी. तिच्या आधी चार दिवस कारलं, मेथी, जेवल्यावर पोवई नाक्यापर्यंत फेरी. पाहुणे येणार म्हणून दिवाणखाना आवरावा तसं रक्त आवरून ठेवायचं. उपाशीपोटीची शुगर 112 आली की डॉक्टर "वा!" म्हणायचे आणि येताना मी राजवाड्यावरून यायचो. राजवाड्यावर पेढे मिळतात, हे सातारकराला सांगायला नको.

मग तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी आली आणि पहिला घोटाळा झाला. तांबड्या पेशी साधारण 120 दिवस जगतात म्हणे, आणि जगताना अंगाला साखर चिकटवून घेतात. त्यामुळं चार दिवस कारलं खाऊन काही उपयोग नाही, पेशी मागच्या सगळ्या पेढ्यांची साक्ष देते. आम्ही घर बंद असलं की सरासरीनं बिल लावायचो. इथं घर उघडं, मालक दारात हजर, तरी सरासरी! माझी 8.9 आली. डॉक्टर "वा" म्हणाले नाहीत.

तरीही सरासरीत एक सोय असते. ती आकडा सांगते, तारीख सांगत नाही. कोणत्या मंगळवारी कोणाच्या बारशाला काय घडलं हे गुलदस्त्यातच राहतं. ही शेवटची सोय माझ्या नातीनं काढून घेतली.

ती पुण्याहून एक डबी घेऊन आली. "आबा, अजिबात दुखणार नाही," म्हणाली. नातवंडांच्या तोंडी हे वाक्य आलं की सावध व्हावं. डाव्या दंडाच्या मागच्या बाजूला तिनं काहीतरी टेकवलं, टक्‌ असा आवाज झाला, आणि पाच रुपयांच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी पांढरी चकती मला चिकटून बसली. दुखलं नाही, हे मान्य करतो. तिच्याखाली केसासारखा बारीक धागा कातडीत जातो आणि पेशींमधल्या पाण्यातली साखर मोजत बसतो. रक्तातली नव्हे. त्यामुळं आकडा खऱ्या रक्ताच्या पाच-दहा मिनिटं मागं असतो. ही मागं राहण्याची गोष्ट मला लगेच आवडली. काही संस्कार जुळतात. चौदा दिवस झाले की चकती संपते, नवी लावायची. चौतीस वर्षांत मी एका घरात महिन्यातून दोनदा कधी गेलो नाही. हे दर पाच मिनिटांनी रीडिंग घेतं.

आणि घेऊन स्वतःजवळ ठेवेल तर शपथ. नातीनं माझ्या मोबाइलमध्ये ॲप टाकलं आणि त्यात "फॉलो करणारे" म्हणून तिघांना जोडलं. स्वतःला, तिच्या आजीला, आणि टोरांटोतल्या चिरंजीवांना. मला जन्मात कोणी फॉलो केलं नव्हतं. मीटर रीडरच्या मागं फक्त कुत्री लागतात.

पहिली चकमक एकादशीला झाली. ॲपनं सकाळी विचारलं, उपाशी आहात का? मी प्रामाणिकपणे "हो" दाबलं. एकादशीच होती. त्यानं हिरवं फूल दाखवून माझं अभिनंदन केलं. नंतर मी वाडगाभर साबुदाण्याची खिचडी, एक रताळं आणि चवीपुरते दोन वडे खाल्ले. दीड तासात आलेख असा चढला की अजिंक्यताऱ्याची चढणसुद्धा त्याहून सौम्य वाटावी. 271! त्या यंत्राचा उपवासावरचा विश्वास कायमचा उडाला असणार. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता पिष्ट, हे मला या वयात कळलं. "चाळीस वर्षं मी तुम्हाला उपासाचं म्हणून हे घालतेय?" सौभाग्यवती म्हणाल्या. त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं. मी त्यांची समजूत घालायला गेलो आणि बोलता बोलता म्हणून बसलो, "अगं, वडे मीच जास्त घेतले." समजूत तिथंच संपली.

पुढं पावलांचा विषय निघाला. रोज दहा हजार पावलं चाला, असं फोन सुचवत होता. दहा हजारच का? नातीनं शोधून सांगितलं, 1965 साली जपानात पावलं मोजायचं एक यंत्र विकायला काढलं होतं, त्याच्या नावाचाच अर्थ 'दहा हजार पावलांचं मीटर'. म्हणजे आकडा वैद्यांचा नाही, दुकानदाराचा! हे कळल्यावर माझ्या मनातला उरलासुरला आदर गेला आणि मी झोपाळ्यावर जाऊन बसलो. फोन खिशात होता. अर्ध्या तासानं बघतो तर 1,900 पावलं झालेली. झोपाळ्याचा हेलकावा आणि माणसाचं पाऊल यातला फरक त्याला कळत नव्हता.

इथं माझ्यातला निवृत्त कर्मचारी जागा झाला. मीटरला फसवायचे जेवढे प्रकार माणसानं शोधले तेवढे मी पकडलेत. चुंबक लावणारे, चकती अडावी म्हणून काचेच्या फटीतून एक्स-रेची फिल्म सरकवणारे, आणि सरळ तारेवर आकडा टाकणारे. त्यांच्या बाजूला आपण कधी उभे राहू असं वाटलं नव्हतं. चार दिवस मी झोपाळ्यावर बसून साताऱ्याहून कराडच्या दिशेनं बरीच मजल मारली. पण दंडावरचं मीटर दाद देईना. पावलं वाढत होती, साखर जागच्या जागी. एक मीटर फसवलं की दुसरं चुगली करतं. आमच्या वेळी एका घरात एकच असायचं.

चार भिंती स्मारकाकडे सकाळी फिरायला जाणाऱ्या आमच्या घोळक्यात यावर पुष्कळ चर्चा झाली. आमच्यात बिनसाखरेचा माणूस दुर्मिळ. देशात मधुमेहाचे 10 कोटींहून जास्त लोक आहेत, असा आयसीएमआरच्या पाहणीचा अंदाज 2023 मध्ये छापून आला, तेव्हा त्यातले निम्मे आमच्याच बाकावर बसतात की काय असं वाटलं होतं. पूर्वी आम्ही भेटलो की "काय म्हणतोस?" विचारायचो, आता "किती?" विचारतो. एक निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, "फोनवर निरोप येऊन कोणाची साखर उतरलीय का? सगळं थोतांड." ही शंका मी नातीला विचारली. ती डॉक्टरकीला आहे, उत्तर खिशात घेऊनच हिंडते. दक्षिण भारतात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या 537 नोकरदार पुरुषांवर प्रयोग झाला होता. निम्म्यांना दोन वर्षं नुसते एसएमएस पाठवले, हे खा, असं चाला, एवढेच. निरोप न मिळालेल्यांत 27 टक्क्यांना मधुमेह झाला, मिळालेल्यांत 18 टक्क्यांना. 2013 साली ते छापून आलं. मी हे मुख्याध्यापकांना सांगितलं. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "बायका हेच रोज फुकट सांगतात. त्यांच्यावर प्रयोग का झाला नाही?" मला उत्तर सुचलं नाही. नातीलाही नाही.

पेढ्याचं प्रकरण व्हायचं ते झालंच. देवळात प्रसाद म्हणून एक घेतला, प्रसादाला नाही म्हणू नये म्हणून दुसरा घेतला. घरी येऊन वर्तमानपत्र उघडतोय तोवर फोन. टोरांटोत रात्रीचे अकरा वाजले होते.

"बाबा, काय खाल्लंत?"

"कुठं काय?"

"बाबा, मला दिसतंय."

मुलगा साडेबारा हजार किलोमीटरवर. त्याच गावात 1921 साली इन्सुलिन सापडलं, हे त्यानं मला तिथं पोचल्या पोचल्या कौतुकानं कळवलं होतं. एवढा मोठा शोध लावून त्या गावाचं समाधान झालं नसावं, आता माझा पेढा शोधत होतं. दंडावर मीटर आणि मीटरवरून दंड! "देवाचा होता," मी म्हटलं. "देवाला शुगर नाही," तो म्हणाला. हे वाक्य त्यानं आईकडून घेतलंय.

मग ती रात्र. तीन वाजता फोन असा किंचाळला की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. पडद्यावर 54. डॉक्टरांनी बजावलं होतं, या वयात साखर वर जाण्यापेक्षा एकदम खाली जाण्याची भीती मोठी, त्यातून तुमची गोळी साखर पाडणारी. सौभाग्यवतींनी दिवा लावला आणि मी "अगं, मी बरा आहे" म्हणेपर्यंत तीन चमचे साखरेचं पाणी माझ्या घशात ओतलं. टोरांटोहून फोन आला, तिथं संध्याकाळचे साडेपाच, तो कचेरीतून निघत होता. नातीचाही आला. तिघांनी मिळून मला घाम आलाय का विचारलं. घाम मला त्या तिघांमुळं आला होता. वीस मिनिटांनी आकडा 196. दुसऱ्या दिवशी कळलं, मी डाव्या कुशीवर झोपलो होतो. चकतीवर भार पडला की तिथलं पाणी दबतं आणि ती उगीच कमी आकडा दाखवते. अशा वेळी बोट टोचून खात्री करायची असते. फॉल्टी रीडिंग! "बिल चुकलंय" म्हणून ओरडणाऱ्या कितीजणांना मी "मीटर कधी खोटं बोलत नाही हो" असं सांगितलं होतं. त्यातले काही हयात आहेत, चार भिंतींवर भेटतात. त्यांना हे सांगितलेलं नाही.

त्यामुळं मे महिन्यात भाचीच्या लग्नात फोन ओरडला तेव्हा मी तो खिशात दाबून धरला. मुहूर्त लांबला होता. सकाळची गोळी मी नेमानं घेतली होती आणि नाश्ता पंगतीवर डोळा ठेवून टाळला होता. साडेबारा वाजले होते. हात थोडे थरथरत होते, ते मी उकाड्यावर ढकललं. फोन पुन्हा ओरडला. 58. चकतीवर तर मी झोपलेलो नव्हतो. शेजारच्या बाई म्हणाल्या, "अहो, तुम्ही पांढरे पडलाय."

मग धावपळ झाली. कोणी पेढा पुढं केला, कोणी जिलबीचं ताट. चौदा वर्षांत पहिल्यांदा सगळा मांडव मला गोड खा म्हणत होता. मी हात लांब केला आणि फोन वाजला.

"बाबा, पेढा नको. त्यातल्या तुपानं साखर उशिरा चढते. पाण्यात तीन चमचे साखर. लगेच."

परवाना मिळाला तोही साखरेच्या पाण्याचा! मी ते प्यालो. पंधरा मिनिटं बसलो. तो फोनवरच होता, काही बोलत नव्हता, श्वास तेवढा ऐकू येत होता. मी घड्याळाकडं बघून हिशेब केला. त्याच्याकडं पहाटेचे सव्वातीन.

"तू जागा कसा?"

"फोननं उठवलं. किती आहे आता?"

"तुला दिसतंय की."

"तरी तुम्ही सांगा."

"एकशे चार."

"आता जेवा," तो म्हणाला. मी म्हटलं, काय जेवू ते लेखी पाठव, इथं तुझी आई उभी आहे. निरोप आला, वरण, भात, भाजी, जिलबी नाही. मी पानावर बसलो. वाढपी जिलबी घेऊन आला, सौभाग्यवतींनी माझ्या पानावर हात आडवा धरला, तो पुढं गेला. दहा मिनिटांनी फोन पुन्हा वाजला. हा माणूस झोपलाच नव्हता.

"अर्धी चालेल."

मी वाढप्याला हाक मारली. आता जिलबीचा अर्धा भाग नेमका कुठून कुठपर्यंत धरायचा, यावर पंगतीत बराच वेळ मतभेद चालले होते.